चांगल्या ॲम्प्लिफायरला भोक कशाला पाडलं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. यापुढे कुणी विचारलं तर हेच वाचायला देईन. बाबांना एकाच हेडफोनवर टीव्ही आणि रेडिओ दोन्ही ऐकायचं असतं. त्यासाठी दोन तोंडांची केबल मिळते, दोन्हींतलं एक निवडायचा तयार सिलेक्टर बॉक्स मिळतो. मग हेडफोन ज्याला लावतात तो चालू ॲम्प्लिफायर उघडून, पत्र्याला भोक पाडून स्विच बसवायचा खटाटोप कशाला?

केबलचा विषय लगेच संपतो. दोन साधनं एका तारेवर आणली की ती एकमेकांचा सिग्नल खातात. रेडिओचा आउटपुट इम्पीडन्स (बाहेर पडणाऱ्या सिग्नलला त्याचा स्वतःचा अडथळा) 1000 ओहम आणि टीव्हीचा 30 ओहम धरा. गप्प बसलेला टीव्हीसुद्धा रेडिओचा जेमतेम 3 टक्के सिग्नल पुढे जाऊ देतो.

बॉक्समध्येही मी बसवला तसाच, सहा पायांचा डीपीडीटी (डावी-उजवी तार एकदम बदलणारा) स्विच असतो, हे मान्य. पण तो बॉक्स हलका, केबलींच्या ओढीनेच टेबलावर फिरतो. बाबांच्या हातांना कंप आहे. एका हाताने बॉक्स धरून दुसऱ्याने बटण सरकवणं त्यांना जमत नाही. ॲम्प्लिफायरच्या जड पेटीला लांब दांडीचा टॉगल स्विच असेल तर तो तळहाताच्या कडेनेही पडतो. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या दुकानात मी चार-पाच स्विच तसेच पाडून बघितले, मगच एक घेतला.

सिग्नलच्या वाटेत एक कॉन्टॅक्ट वाढला की एक दुखणं वाढतं, असं पूर्वी मीच सगळ्यांना सांगायचो. ते मी अजूनही सोडलेलं नाही. फक्त तेव्हा ऐकणारा मी होतो, आणि पिन काढून दुसरी घालायला माझ्या हातांना काही जड पडत नव्हतं.

स्विच बसला त्या संध्याकाळी बातम्या संपल्यावर बाबांनी दांडी रेडिओकडे पाडली आणि त्यांच्या कानात धाडकन आवाज झाला. दोन्ही हातांनी हेडफोन ओढून काढत ते म्हणाले, "नको रे मला हे." नंतर ते टीव्ही मोठ्याने लावायचे, आई दार लोटून घ्यायची, आणि विविध भारती बंदच झाली. भाऊ म्हणाला, "बॉक्स आणला असतास तर हे झालं असतं का?"

झालं असतं! हे त्याला आजही पटत नाही. त्या रेडिओच्या आउटपुटला कपॅसिटर आहे, डीसी म्हणजे स्थिर व्होल्टेज अडवून आवाजाचा सिग्नल पुढे सोडणारा. दांडी टीव्हीकडे असली की त्याचं बाहेरचं टोक अधांतरी राहतं आणि आतून झिरपणाऱ्या करंटने तिथे डीसी व्होल्टेज चढत जातं. मल्टिमीटरच्या काड्या लावल्या तर आकडा दिसायचा आणि बघता बघता उतरायचा. दांडी पडली की तेच व्होल्टेज व्हॉल्यूमच्या पॉटमधून (आवाज कमी-जास्त करायच्या बटणामागच्या रेझिस्टरमधून) एका दमात रिकामं होत होतं, आणि ॲम्प्लिफायर तो दणका कानापर्यंत पोचवत होता. उपाय म्हणजे स्विचच्या अलीकडे, दोन्ही इनपुटच्या डाव्या-उजव्या तारांपासून ग्राउंडला 100 किलोओहमचा एकेक रेझिस्टर. एकूण चार. झिरपणारा करंट त्यातून निघून जातो, व्होल्टेज चढतच नाही. मी उघडून बघितलेल्या बॉक्समध्ये स्विचशिवाय काहीही नव्हतं.

सोल्डरिंग तासाभरात उरकलं. बाबांना पुन्हा हेडफोन घालायला लावणं मात्र सोपं नव्हतं. समजावून उपयोग नव्हता. त्यांच्यासमोर बसून मी हेडफोन स्वतःच्या कानाला लावला आणि दांडी इकडून तिकडे पाडत राहिलो. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आण इकडे."

टीव्हीचं दुखणं वेगळं. केबलवाल्याची वायर टीव्हीला लावली की ग्राउंड लूपची (ग्राउंड दोन वाटांनी जोडलं गेल्याने येणारी) 50 हर्ट्झची घुंऽऽ, काढली की शांत. म्हणून त्या इनपुटला 600 ओहमचे दोन आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (तारा थेट न जोडता सिग्नल पलीकडे देणारे) घातले. घुंई गेली, पण खर्ज पातळ झाला. मला तो खटकतो. बाबा काही म्हणत नाहीत. त्यांना ते जाणवत नाही की मला वाईट वाटू नये म्हणून बोलत नाहीत, हे मला अजून कळलेलं नाही.

आता नवा प्रश्न सुरू झालाय: तिसरा इनपुट ब्लूटूथचा का नाही? तीन ठिकाणी थांबणाऱ्या स्विचची मधली जागा बाबांच्या हाताला न बघता सापडते का, हे आधी सुट्या स्विचवर त्यांच्याकडूनच करून बघणार आहे. तोवर पेटी उघडणार नाही.