रिपोर्ट पाहिला, आता गाडी दाखवा : आमची वाटचाल

आमचा जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीचा धंदा पत्र्यापासून सुरू झाला. वडिलांनी १९९४ साली मिरजेत डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज टाकलं. तेव्हा फियाट, अँबॅसॅडर, मारुती ८०० आणि कमांडर जीप, एवढाच पसारा होता. ठोकलेली गाडी आली की वडील बॉनेट उघडून एप्रनच्या, म्हणजे आतल्या बाजूच्या पत्र्याच्या, कडेनं बोट फिरवायचे. कंपनीच्या स्पॉट वेल्डिंगचे ठिपके सारख्या अंतरावर असतात, हाताचं वेल्डिंग बोटाला उंचसखल लागतं, म्हणजे गाडी आधी कधी तरी ठोकलेली. त्यामुळं लोक गाडी घेण्याआधी ती वडिलांना दाखवायला आणू लागले आणि पुढं “तुम्हीच एखादी चांगली बघून द्या की” म्हणू लागले. जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री आम्ही ठरवून सुरू केली नाही. ती गळ्यात पडली आणि मग सोडवेना.

मी डिप्लोमा करून २००८ साली गॅरेजमध्ये आलो, तेव्हा गाडीचा इतिहास म्हणजे मालकाचा इतिहास होता. बँकेतल्या साहेबांची गाडी, मास्तरांची गाडी, डॉक्टरांची गाडी. डॉक्टरांची म्हटली की भाव चढायचा. ते डॉक्टर रोज कवठेमहांकाळ करून परत येतात, हे कुणी विचारत नसे.

नंतर आरटीओचं रेकॉर्ड ‘वाहन’ प्रणालीवर आलं आणि मोबाइलवर नंबर टाकला की गाडीची कुंडली दिसू लागली. पहिल्या पासिंगची तारीख, कितवा मालक, बँकेचा बोजा आहे की उतरला, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, थकलेली चलनं. या सोयीचं मोल आम्हाला विचारा. पूर्वी पैसे मोजून गाडी दारात उभी राहायची आणि मग कळायचं की एचपी, म्हणजे बँकेचा बोजा, उतरलेलंच नाही. पण ‘वाहन’वर गाडी किती पळाली, कुठं ठोकली, कधी पाण्यात बुडाली यातलं काही नाही. ती नोंदणीची वही आहे, तिच्याकडून एवढीच अपेक्षा ठेवावी.

उरलेली जागा खासगी रिपोर्टवाल्यांनी भरली. थोडे पैसे भरले की सर्व्हिस हिस्टरी मिळते: कुठल्या तारखेला किती किलोमीटरला सर्व्हिस झाली, कुठला पार्ट बदलला, विम्यातून काम झालं का. ही माहिती येते बहुतेक अधिकृत वर्कशॉपच्या कॉम्प्युटरमधून. म्हणजे तिथल्या सर्व्हिस अॅडव्हायझरनं सकाळच्या गर्दीत, मागं दहा माणसं उभी असताना जे टाइप केलं, ते. आणि वॉरंटी संपल्यावर आपल्याकडं किती जण अधिकृत वर्कशॉपला जातात? चौथ्या-पाचव्या वर्षी गाडी ओळखीच्या मेस्त्रीकडं जायला लागते आणि रिपोर्ट तिथं गप्प होतो. हे गप्प होणं एक्स्चेंजच्या, म्हणजे जुनी गाडी देऊन नवी घ्यायच्या, काउंटरवर ‘क्लीन’ म्हणून वाचलं जातं. आमची खरी तक्रार इथं आहे. नोंद नाही याचा अर्थ घटना नाही, असा धरून भाव लागतो.

याच्या उलटही होतं, आणि ते जास्त टोचतं. एक निवृत्त शिक्षक त्यांची २०१४ ची वॅगन-आर घेऊन आमच्याकडं आले. नव्या गाडीसाठी एका शोरूममध्ये एक्स्चेंजला दिली होती. तिथल्या पोरानं टॅबवर रिपोर्ट काढला आणि म्हणाला, “सर, मीटर मागं घेतलाय.” २०१८ ला १,०८,४०० किलोमीटर आणि २०२१ ला ३४ हजार. भाव एका मिनिटात चाळीस हजारांनी खाली. सरांचा राग पैशांपेक्षा त्या “मागं घेतलाय”चा होता. गाडी उचलून बघितली. ब्रेकच्या पेडलवरच्या रबराच्या रेघा अजून शाबूत, स्टिअरिंगची कातडी चकाकलेली नाही, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड बसलेली नाही. लाखभर पळालेल्या गाडीत ही तिन्ही ठिकाणं बोलतात. सरांनी मग पिशवीतून बिलं काढली, तारखेप्रमाणं लावून टाचलेली. २०१८ च्या बिलावर हातानं लिहिलेलं होतं १०,८४०. कॉम्प्युटरमध्ये चढवताना एक शून्य जास्त पडलं होतं, बाकी काही नाही.

वर्कशॉपनं लेटरहेडवर तसं लिहूनही दिलं. पण रिपोर्टातला आकडा काही हलला नाही, कारण त्या ओळीची जबाबदारी वर्कशॉप रिपोर्टवाल्याकडं ढकलायचं आणि रिपोर्टवाला वर्कशॉपकडं. आम्ही गाडी योग्य भावात घेतली. मग खरी गंमत सुरू झाली. आमच्याकडं येणारं प्रत्येक गिऱ्हाईक तोच रिपोर्ट काढायचं आणि तीच ओळ दाखवायचं. बिलांची पिशवी, वर्कशॉपचं पत्र, पेडलचं रबर सगळं दाखवूनही अर्धे जण “बघतो” म्हणून जायचे. शेवटी ती घेतली इचलकरंजीच्या एका फिटरनं. त्यानं रिपोर्ट मागितलाच नाही. गाडीखाली झोपला, वर आला आणि इसार ठेवला.

ऑगस्ट २०१९ चा महापूर आमच्या धंद्याला बरंच शिकवून गेला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फूट ओलांडले, तळमजल्यातली पार्किंगं भरली. ज्यांचा पूर्ण विमा होता त्यांच्या गाड्या टोटल लॉसमध्ये, म्हणजे दुरुस्ती परवडत नाही म्हणून विम्याच्या हिशेबात पूर्ण गेलेल्या धरल्या गेल्या आणि सॅल्व्हेज, म्हणजे नुकसान झालेला माल, म्हणून विकल्या गेल्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणं गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकानं १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी, म्हणजे नोंदणीचा दाखला, जमा करायची. पण घेणारा ती दुरुस्तच करतो, मग कायमची निकामी कशी म्हणायची? आरसी तशीच राहते आणि गाडी ‘वाहन’वर ‘ॲक्टिव्ह’ दिसते. ज्यांचा फक्त थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता, विमा होता त्यांना क्लेमच नव्हता. त्यांनी गाडी धुतली, वाळवली, विकली. त्या बुडण्याची एक ओळ कुठं नाही.

अशी गाडी ओळखायला आम्ही आधी सीट बेल्ट पूर्ण ओढतो. बाहेरचा भाग धुतलेला असतो, रिळात गुंडाळलेल्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ राहते. मग सीटच्या रुळाचे बोल्ट, डॅशबोर्डखालचे स्क्रू, स्टेपनीच्या खड्ड्यातली बारीक माती. नवं कार्पेट दिसलं की आनंद व्हायच्या ऐवजी शंका यावी.

पण त्याच पुरानं सांगली जिल्ह्याच्या एमएच-१० नंबरवरही डाग लागला. पलूस-वाळवा पाण्याखाली होतं, त्याच दिवसांत जिल्ह्याच्या दुष्काळी भागात, जत-आटपाडीला, पाण्याचे टँकर चालू होते. आटपाडीची गाडी पुण्यात विकायला गेली की “सांगली पासिंग? नको” म्हणायचे.

आमच्या भागात आणखी एक घोळ आहे, सीमेचा. कर्नाटकातली केए-२३ ची गाडी एनओसी (ना हरकत दाखला) घेऊन इकडं आली, टॅक्स भरून नवा एमएच नंबर मिळाला की नंबरवरून काढलेला रिपोर्ट बऱ्याचदा त्या दिवसापासून सुरू होतो. मागची सात-आठ वर्षं जुन्या नंबराखाली पडून असतात. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आल्यावर तिकडच्या गाड्याही अशाच येऊ लागल्या. म्हणून आम्ही चासी नंबर आणि जुना नंबर दोन्हीवरून शोध घेतो आणि चासीचा ठसा स्वतः कागदावर घासून काढतो.

रिपोर्टपेक्षा जास्त बोलणारा एक कागद लोकांच्या घरातच असतो, विम्याची पॉलिसी. क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट म्हणजे नो क्लेम बोनस, तो २० टक्क्यांपासून ५० पर्यंत चढतो. पाच वर्षं क्लेम नाही तेव्हा ५० होतो. मात्र तो बोनस माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. आधीच्या गाडीवरचा बोनस नव्या गाडीवर आणता येतो, आणि गाडी विकली की तो गाडीबरोबर जात नाही. म्हणून आम्ही शेवटच्या वर्षाची एकच पॉलिसी न बघता मिळतील तेवढ्या मागतो. बोनस मध्येच शून्यावर आलेला दिसला की त्या वर्षी काय झालं ते विचारायचं. नुसती काच फुटली असेल तर काचेच्या कोपऱ्यातल्या शिक्क्यावरून कळतं. बाकीच्या काचा २०१५ च्या आणि पुढची २०१८ ची. रिपोर्टात मात्र काच आणि चासी दोन्ही ‘इन्शुरन्स क्लेम’ या एकाच शब्दात बसतात आणि एक्स्चेंजवाला दोन्हीला सारखीच कात्री लावतो.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आरटीओचं अधिकारपत्र घ्यावं लागतं. मालकानं गाडी आमच्या ताब्यात दिली की तशी सूचना ऑनलाइन जाते आणि तिची जबाबदारी आमच्यावर येते. कागदपत्रं वाढली म्हणून आमच्यातले बरेच जण कुरकुरले. मला हा नियम आवडला. विकलेल्या गाडीची चलनं जुन्या मालकाच्या फोनवर यायची, ते तरी थांबेल. किलोमीटरचं मात्र त्यात काही नाही. बेल्जियममध्ये २००६ पासून जुनी गाडी विकताना किलोमीटरच्या नोंदींचा अधिकृत दाखला द्यावाच लागतो आणि गॅरेजवाल्यांना प्रत्येक कामाच्या वेळी आकडा कळवावा लागतो. आपल्याकडं पीयूसीसाठी गाडी ठरावीक काळानं केंद्रावर जातेच. तिथंच मीटरचा फोटो घ्यायला काय हरकत आहे, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

आम्ही आमच्यापुरतं सुरू केलं आहे. गॅरेजमध्ये आलेल्या प्रत्येक गाडीच्या मीटरचा फोटो बिलावर छापून देतो. ठोकलेल्या गाडीचं काम असेल तर उघडलेल्या पत्र्याचे फोटोही देतो. विटा आणि तासगावच्या दोन ओळखीच्या मेस्त्रींनीही हे उचललं. आणि आमच्याकडं एक्स्चेंजला गाडी आली की भाव तोंडी सांगत नाही. किती रुपये कशासाठी कापले ते लिहून देतो: टायर इतके, क्लच इतका, रिपोर्टातल्या ओळीसाठी शून्य किंवा इतके, आणि का. माणूस तो कागद घेऊन दुसरीकडं गेला तरी चालेल. बरेच जण जातात, त्यातले काही परत येतात.

परवा एका शोरूमचा इव्हॅल्युएटर, म्हणजे जुन्या गाडीचा भाव ठरवणारा, आमची ती फोटोवाली बिलं बघून म्हणाला, “भारी आहे हे. पण आमच्या सॉफ्टवेअरमध्ये हे टाकायला रकानाच नाही.” त्यांचा रकाना येईपर्यंत ही बिलं घेऊन लोक आमच्याकडंच येणार, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही त्याची फार घाई नाही.