ग्रेनाडा: जायफळाच्या बेटावरची स्वारी

कॅरिबियनमधल्या ग्रेनाडाला विमानातून उतरलं की विमानतळाच्या इमारतीवर माजी पंतप्रधान मॉरिस बिशप यांचं नाव दिसतं. १९८३ च्या मार्चमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी टीव्हीवर हवाई छायाचित्रं दाखवली होती, ती इथल्याच धावपट्टीची. क्यूबाचे कामगार ती बांधत होते. ती सोव्हिएत आणि क्यूबन लष्करासाठी आहे, असा अमेरिकेचा आरोप होता. बिशप सरकार म्हणत होतं, पर्यटकांची मोठी विमानं उतरायला हवीत. पुढे अमेरिकेच्याच पैशांनी ती पुरी झाली, १९८४ मध्ये सुरू झाली आणि २००९ मध्ये तिला बिशप यांचं नाव मिळालं.

राजधानी सेंट जॉर्जेस म्हणजे बंदराभोवती चढत गेलेली लाल कौलांची घरं. वर फोर्ट जॉर्ज. किल्ल्याच्या आतल्या चौकात मी बराच वेळ थांबलो. भिंतीवर नावांची पाटी आहे. १९ ऑक्टोबर १९८३ ला स्वतःच्याच पक्षातल्या बंडखोरांनी पंतप्रधान बिशप यांना, शिक्षणमंत्री जॅकलीन क्रेफ्ट यांना आणि इतर साथीदारांना या भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या. चौक इतका लहान आहे की मारणाऱ्यांना समोरच्यांचे चेहरे स्पष्ट दिसले असणार.

सहाच दिवसांनी, २५ ऑक्टोबरला, अमेरिकी फौजा उतरल्या. देशाची लोकसंख्या जेमतेम लाखभर. कारण सांगितलं गेलं ते वैद्यकीय महाविद्यालयातल्या सुमारे ६०० अमेरिकी विद्यार्थ्यांच्या सुरक्षेचं. सैनिक महाविद्यालयाच्या ट्रू ब्लू इथल्या आवारात पोचले, तेव्हा त्यांना कळलं की बरेच विद्यार्थी ग्रँड आन्सच्या दुसऱ्या आवारात आहेत. ज्यांच्यासाठी आलो म्हणायचं, ते राहतात कुठे हेही धड ठाऊक नव्हतं! दोनच दिवसांपूर्वी बैरुतमध्ये २४१ अमेरिकी सैनिक स्फोटात मारले गेले होते. ग्रेनाडाची तयारी त्याआधीच सुरू होती हे खरं, पण वॉशिंग्टनला त्या आठवड्यात एका विजयाची गरज होती, हेही मला तितकंच खरं वाटतं. ‘पणाला जायफळ लागलेलं नाही, अमेरिकेची सुरक्षा लागली आहे,’ अशा अर्थाचं रेगन मार्चमध्येच बोलले होते.

राजनैतिक बाजू भक्कम दिसावी म्हणून पूर्व कॅरिबियन देशांच्या संघटनेची विनंती पुढे केली गेली. डॉमिनिकाच्या पंतप्रधान युजिनिया चार्ल्स रेगन यांच्या शेजारी उभ्या राहून पत्रकारांशी बोलल्या. राणीचे इथले प्रतिनिधी, गव्हर्नर जनरल पॉल स्कून यांच्या मदत मागणाऱ्या पत्राचाही दाखला दिला गेला. ते पत्र नक्की केव्हा लिहिलं यावर वाद आहे. ब्रिटनची राणी तेव्हा इथली राष्ट्रप्रमुख होती, तरी ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचरबाईंना ऐनवेळी सांगितलं गेलं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २ नोव्हेंबरला १०८ विरुद्ध ९ मतांनी या कारवाईचा निषेध केला.

महिनाभरात हा वाद थेट भारतात आला. इंदिरा गांधींच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत राष्ट्रकुल परिषद भरली. सैनिक पाठवणारे कॅरिबियन देश आणि विरोध करणारे देश तिथे समोरासमोर बसले. मधल्या विश्रांतीसाठी सगळे नेते गोव्यात, आग्वादला गेले. शेवटी, झालं गेलं उगाळण्यापेक्षा ग्रेनाडाच्या उभारणीकडे बघावं, असं ठरलं.

आमचा टॅक्सीवाला तेव्हा शाळकरी होता. कर्फ्यूत घराबाहेर दिसेल त्याला गोळी, असा हुकूम होता; अमेरिकी सैनिक दिसल्यावर आई रडत देवाचे आभार मानत होती, असं त्याने सांगितलं. २५ ऑक्टोबरला इथे ‘थँक्सगिव्हिंग’ची सुट्टी असते. त्याच हल्ल्यात मनोरुग्णालयावर बॉम्ब पडून १८ रुग्ण मेले, हेही त्यानेच सांगितलं. त्याच्या आईची सुटका मला खोटी म्हणवत नाही. पण तिच्या सुटकेने वॉशिंग्टनची कारणं खरी ठरत नाहीत.

दुसऱ्या दिवशी तो आम्हाला ग्रेनव्हिलजवळच्या जुन्या पर्ल्स धावपट्टीवर घेऊन गेला. तिथे गवतात दोन सोव्हिएत बनावटीची विमानं गंजत पडली आहेत. वाटेत जायफळाची झाडं. कोकणातल्या माणसाला ओळख पटायला वेळ लागत नाही: पिवळं फळ उकललेलं आणि आत काळ्या बीवर लालभडक जायपत्रीची जाळी.

बिशप यांचा मृतदेह आजतागायत सापडलेला नाही. अमेरिकी सैन्याने तेव्हा काही अवशेष उकरून तपासले होते. त्यांचं पुढे काय झालं, हे कुटुंबीयांना आजही कळलेलं नाही. त्या काळातली कागदपत्रं अमेरिकेने आता तरी पूर्णपणे खुली करावीत.