वझं कोन बांधन?

सोयाबीनचा हंगाम, ऑक्टोबर २०२१. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात पोत्यामागे पैसे घेणारा थ्रेशर लागला होता. ओलसर माल तोंडाशी अडकला, तो आत लोटायला गेलेल्या मजुराचा उजवा हात मनगटापासून गेला. वय तीस. मालकानं दवाखान्याचं बिल भरलं, वर पन्नास हजार दिले आणि शंभराच्या स्टॅम्पपेपरवर 'आता काही तक्रार नाही' म्हणून अंगठा घेतला.

असे कागद माझ्यासारख्या तालुक्याच्या वकिलाकडं नेहमीच येतात. या मजुराचा दावा मीच चालवला. तेव्हा लागू असलेल्या १९२३च्या कर्मचारी भरपाई कायद्याचं कलम १७ भरपाईचा हक्क सोडून देणारा करार रद्द ठरवायचं, त्यापुढं या कागदांना रद्दीचा भाव. "रोजंदारीवाला माझा कामगार कसा?" हा मालकाचा बचावही टिकला नाही. तात्पुरत्या मजुराला वगळणारे शब्द २००० सालीच कायद्यातून काढले होते, आणि यंत्रानं चालणारी शेतीची कामं परिशिष्टात होतीच.

भांडण उरलं टक्क्यांचं. रोज ४०० प्रमाणे महिन्यातल्या २६ दिवसांचे १०,४००. त्याचे ६० टक्के, गुणिले कायद्यानं तिशीच्या वयाला ठरवलेला गुणक २०७.९८, म्हणजे १२,९७,७९५ रुपये. पण हा आकडा कायमच्या पूर्ण अपंगत्वाचा. एक पंजा गेला तर परिशिष्ट कमाईच्या क्षमतेचं ६० टक्केच नुकसान धरायचं, मग हाती आले असते ७,७८,६७७. मी सर्वोच्च न्यायालयाचा १९७५च्या डिसेंबरातला निकाल काढून ठेवला होता. डावा हात कोपराच्या वरून गेलेल्या सुताराचं नुकसान तिथं १०० टक्के धरलंय, कारण एका हातानं सुतारकी होत नाही. पण आमचा माणूस सुतार नव्हता, आणि समोरच्या वकिलांनी नेमकं तेच धरलं.

"डावा हात धड आहे ना? कापूस वेचता येतो की."

"येचता येते जी. पन पैसे किलोवर भेटते. बाया दोन हातानं येचते, मी त्याहीच्या निम्माबी नाही येचत. अन् वझं कोन बांधन? पोतं कोन उचलन? मले सांगा, मले कामाले कोन बलावते?"

वकीलसाहेबांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. दावा ऐकणाऱ्या भरपाई आयुक्तांनी उत्तर शब्द न् शब्द उतरवून घेतलं, "त्याहीच्या"सुद्धा. माझ्या युक्तिवादापेक्षा निकालात त्याच ओळी जास्त आल्या.

शंभर टक्के मंजूर झाले. दिलेले पन्नास हजार वळते करून, अपघातानंतरच्या महिन्यापासून १२ टक्के व्याजासकट. विमा नव्हता, त्यामुळं सगळा बोजा मालकावर. आणि मालक म्हणजे कोण? चार एकरांचा शेतकरी, ट्रॅक्टरवर बँकेचं कर्ज. पैसे भरले नाहीत तर महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते, तहसीलची नोटीस थेट सातबाऱ्यापर्यंत पोचते. तो माझ्याच ऑफिसात आला, "हप्ते पाडून द्या, वकीलसाहेब." मी अशिलाला फोन लावला. तो म्हणाला, "पाडा जी, पन पयला हप्ता मोठा घ्या. पोरीची फी भरा लागते."