जपानचा व्हिसा कधीपर्यंत आहे?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, कारण घरचे काय, मैत्रिणी काय, फोनवर सगळ्यांचा हाच प्रश्न असतो, "व्हिसा मध्येच संपला तर गं?"

तर माझा व्हिसा मी जपानमध्ये उतरले त्याच दिवशी वापरून संपला. तो फक्त आत येण्यापुरता असतो. राहायची परवानगी वेगळी आणि तिचा पुरावा म्हणजे झाइर्यू कार्ड, एटीएम कार्डाएवढंच, त्यावर फोटो, पासपोर्टप्रमाणे नाव, कशासाठी राहताय आणि कुठल्या तारखेपर्यंत. मोठ्या एअरपोर्टवर ते लगेच हातात मिळतं पण पत्त्याच्या जागी 'अजून ठरलेला नाही' असं छापलेलं असतं, मग घर मिळालं की १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात जाऊन पत्ता नोंदवायचा. तिथल्या बाईंनी कार्ड उलटं करून मागे माझा पत्ता टाकला आणि दोन्ही हातांनी परत दिलं, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपण आता इथे राहतो.

पासपोर्ट घरी ठेवला तरी चालतं, कार्ड मात्र कायम जवळ हवं, नाहीतर २ लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. मुदत संपायच्या ३ महिने आधीपासून वाढवायचा अर्ज करता येतो आणि वेळेत अर्ज केलाय पण निकाल आला नाही, तर तारखेनंतरही २ महिन्यांपर्यंत राहता येतं. त्यामुळे तेवढी काळजी नको.

मला खरी काळजी वाटते ती सुट्टीला घरी जाताना. २०१२च्या जुलैपर्यंत परत यायची परवानगी आधीच काढून ठेवावी लागायची, आता वर्षाच्या आत परतणार असाल तर एअरपोर्टवर एक छोटा फॉर्म भरून 'परत येणार' या चौकोनात टिक केली की झालं, फक्त कार्डाची मुदत त्याआधी संपत असेल तर त्या तारखेच्या आत यायचं. पण ती टिक करायची राहिली आणि कायमचे निघालात असं धरलं गेलं, तर कार्डाला भोक पाडतात आणि राहायची परवानगी तिथेच संपते! मागच्या वेळी माझ्या पुढे एक विद्यार्थी होता, पहिल्यांदाच घरी निघालेला, चौकोन कोरा. काउंटरवरच्या माणसाने फॉर्म त्याच्याकडे फिरवून त्या चौकोनावर पेन टेकवलं आणि विचारलं, परत येणार ना? त्याने टिक केली, मी लगेच माझा फॉर्म पुन्हा तपासला.