लेवी गळलेलं पान

आमच्या घरी रोज संध्याकाळी शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूचं चरित्र, वाचलं जायचं. आई वाचायची, आम्ही पोरं ऐकायचो. चांगल्या शोमरोन्याचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, तेव्हापासून पाठ आहे : जखमी माणूस वाटेत पडलेला, याजक बघतो नि पलीकडून निघून जातो, मग लेवी, म्हणजे मंदिरातला सेवक, तोही तेच करतो, आणि शेवटी शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानत त्यांच्यातला एक, तो थांबतो. हा दाखला सिनाईटिकस या ग्रीक बायबलच्या जुन्या पोथीत स्वतः वाचायचा, या एका ओढीने मी पन्नाशीनंतर ग्रीक शिकायला बसले.

चौथ्या शतकातली ही चर्मपत्राची पोथी इजिप्तमधल्या सिनायच्या सेंट कॅथरीन मठातली. आज तिची पानं चार ठिकाणी आहेत : 347 लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, 43 लाइपझिगला, थोडी मठातच आणि काही तुकडे सेंट पीटर्सबर्गला. 2009 पासून ती सगळी इंटरनेटवर एकत्र बघता येतात, म्हणून तर हे घरी बसून जमलं.

दीड वर्षात छापील ग्रीक बऱ्यापैकी वाचता यायला लागलं. मग पोथीचं पान उघडलं आणि एक शब्द लागेना. पानावर चार स्तंभ, स्तंभात 48 ओळी, सगळी मोठी अक्षरं, आणि शब्दाशब्दांत जागाच नाही. पूर्वी घरच्या जुन्या कागदांसाठी मोडी शिकले होते, ती इथे कामी आली. मोडीतही शब्द तोडत नाहीत. तिथे लागलेली सवय म्हणजे नुसतं डोळ्यांनी वाचायचं नाही, तोंडाने पुटपुटत जायचं. कानाला शब्द आधी सापडतो.

आडव्या रेघांनी मात्र बरेच दिवस छळलं. काही ठिकाणी दोनच अक्षरं आणि त्यांच्यावर रेघ. ती पवित्र नामांची खूण : ‘थेओस’ म्हणजे देव, त्याचं पहिलं आणि शेवटचं अक्षर लिहून वर रेघ ओढायची. ‘येशू’, ‘ख्रिस्त’, ‘प्रभू’ यांचंही तसंच. ओळीच्या शेवटच्या अक्षरावरची रेघ वेगळी, ती ‘न’ची. जागा पुरली नाही की लेखनिक ‘न’ लिहायचाच नाही, वर रेघ द्यायचा. हा तर आपला अनुस्वारच, हे लक्षात आलं त्या दिवशी खूप आनंद झाला.

मग हा दाखला जिथे आहे तो लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय काढला. याजक आला, निघून गेला, आणि पुढच्याच ओळीत शोमरोनी! लेवी कुठेच नाही. वाटलं, मीच ओळ चुकले. तीनदा वाचलं. 31 वं वचन ‘अँतिपारेल्थेन’ या शब्दावर संपतं, म्हणजे ‘पलीकडून निघून गेला’, आणि 32 वंही त्याच शब्दावर. लेखनिकाने पहिला शब्द लिहून मान वर केली आणि नजर दुसऱ्यावर जाऊन पडली. मधलं अख्खं वचन गळलं. पुढे पोथी दुरुस्त करणाऱ्या एकाने ते भरून काढलं.

ही नजरचूक कशी होते ते मला पुढच्याच आठवड्यात कळलं. लूकच्याच पंधराव्या अध्यायातला हरवलेल्या मुलाचा दाखला वहीत उतरवत होते. ‘मला तुमच्या एका मोलकऱ्यासारखं ठेवा’ हे वाक्य छापील आवृत्त्यांत बहुधा एकदाच, 19 व्या वचनात येतं. या पोथीत ते 21 व्यातही पुन्हा आहे. रात्री वही तपासली, तर पहिल्या ‘मोलकऱ्या’वरून मी थेट दुसऱ्याच्या पुढे गेले होते. बाप मुलाला दुरून बघतो, धावत जाऊन गळ्यात पडतो, ते सगळं माझ्या वहीत नव्हतंच. ज्या ओळीशी आईचा आवाज दरवेळी भरून यायचा, तीच ओळ. मी समासात काकपद, म्हणजे गळलेल्या मजकुराची खूण, काढून ती लिहिली. तेव्हापासून त्या लेखनिकाला निष्काळजी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाचं शेवटचं पान मी सर्वांत जास्त वेळ बघितलं. 1933 मध्ये पोथी लंडनला आल्यावर ते अतिनील प्रकाशाखाली तपासलं गेलं. लेखनिकाने 24 व्या वचनावर शुभवर्तमान संपवून खाली समाप्तीची नक्षी काढली होती. मग त्याने ती पुसली, 25 वं वचन लिहिलं, आणि त्याखाली नक्षी पुन्हा काढली.