तुम्ही विचारलंत म्हणून: पासपोर्ट आणि निळी जर्सी

गोव्यातल्या फोंड्याला गेली अठरा वर्षं मी संध्याकाळी मुलांना बास्केटबॉल शिकवतोय. सराव संपला की एखादी आई स्कूटर बाजूला लावते, मुलाच्या अभ्यासाचं दोन मिनिटं बोलते आणि मग मुद्द्यावर येते. “सर, पोर्तुगीज पासपोर्ट काढला तर हा तिकडे क्लबातून खेळेल ना?”

गोव्याबाहेरच्यांना हा प्रश्न विचित्र वाटेल. 19 डिसेंबर 1961 च्या आधी, म्हणजे पोर्तुगीज राजवटीत, इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळवता येतं. त्यामुळे आजोबांचा जुना जन्मदाखला आमच्याकडे जमिनीच्या कागदांइतका जपून ठेवतात.

उत्तर ‘हो, खेळू शकतो’ असंच आहे. युरोपातल्या बऱ्याच लीगमध्ये परदेशी खेळाडू किती घ्यायचे याला मर्यादा असते. 1995 मध्ये बोस्मान या बेल्जियन फुटबॉलपटूच्या खटल्याचा निकाल लागला आणि युरोपियन संघातल्या देशांच्या नागरिकांना ही मर्यादा लावणं बंद झालं. बास्केटबॉललाही ते लागू झालं. पोर्तुगाल युरोपियन संघात आहे, म्हणजे पासपोर्टने दार उघडतं, हे खरं. पण दारातून आत गेल्यावर काय, ते स्कूटर चालू ठेवून सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहितोय.

व्यावसायिक खेळाडूला क्लब पोसतो. बहुतेकांचा करार एका हंगामाचा, फार तर दोन हंगामांचा असतो. घोटा मुरगळला, प्रशिक्षक बदलला, की पुढच्या वर्षी दुसरं शहर. देश बदलायचा तर आधीच्या देशाच्या महासंघाकडून ना हरकत पत्र लागतं. आपल्या विशेष भृगुवंशीचंच बघा. वाराणसीचा हा मुलगा भारताचा कर्णधार झाला. 2017 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ॲडलेड थर्टी सिक्सर्सने त्याला करारबद्ध केलं, पण घोट्याच्या दुखापतीने घात केला आणि एकही सामना न खेळता त्याला परतावं लागलं. पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग 2015 मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या लीगमधल्या डॅलस मॅव्हरिक्स संघाने 52 व्या क्रमांकावर निवडला, तेव्हा मी मुलांना लाडू वाटले होते. एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. मला हे दोघेही फार मोठे वाटतात. पालकांना मी त्यांचीच नावं सांगतो, कारण इतक्या उंचीवर पोचलेल्यांनाही एवढंच मिळालं.

भारतात खेळून पोट भरतं का? भरतं, पण पगार येतो तो नोकरीचा. ओएनजीसी, रेल्वे, लष्कर अशा ठिकाणी खेळाडूंची भरती होते. केरळची गीतू ॲना जोस दक्षिण रेल्वेत होती आणि ऑस्ट्रेलियात रिंगवूड क्लबकडूनही खेळली. मुलीच्या आईवडिलांना मी हे उदाहरण आवर्जून देतो. मुलींबद्दल हा प्रश्न मला फार कमी वेळा विचारला जातो, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

आता देशाकडून खेळण्याबद्दल. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की भारताचं नागरिकत्व गेलं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड मिळेल, घरी येता-जाता येईल, पण 2008 पासूनच्या सरकारी धोरणाप्रमाणे भारताच्या संघात जागा नाही. म्हणजे निळी जर्सी त्या दिवशीच उतरली.

यावर एका वडिलांनी मला विचारलं होतं, “मग तो पोर्तुगालकडून खेळेल की!” इथे फिबाचा, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक महासंघाचा, नियम आडवा येतो. सोळा वर्षं पूर्ण झाल्यावर ज्याने नागरिकत्व घेतलं, असा एकच खेळाडू राष्ट्रीय संघात चालतो. म्हणून काही घरांत मुलगा चौदाचा झाला की कागदपत्रांची धावाधाव सुरू होते. त्यांना मी एवढंच म्हणतो, की ही सोळाची अट राष्ट्रीय संघासाठी आहे, क्लबसाठी नाही. नोकरीसारखं क्लबातून खेळायचं असेल तर पासपोर्ट अठराव्या वर्षीही चालतो, बाविसाव्याही चालतो. घाई करून मिळणार काय, तर पोर्तुगालच्या संघाची आशा. आणि त्यासाठी मोडायचं काय, तर भारताची. हा सौदा चौदा वर्षांच्या पोराच्या वतीने दुसऱ्याने करू नये, असं माझं ठाम मत आहे.

लहान जागेतला माणूस वर जात नाही, असं मात्र मी कधीच म्हणणार नाही. 2014 मध्ये पोर्तुगीजशी नातं असलेल्या देशांच्या लुसोफोनिया स्पर्धा गोव्यात झाल्या, त्यात बास्केटबॉल होतं, आणि पोर्तुगीज बोलणारे छोटे देश मला तेव्हापासून जवळचे वाटू लागले. केप व्हर्दे हा बेटांचा देश, वस्ती पाच लाखांच्या आसपास, म्हणजे गोव्याच्या जेमतेम एक तृतीयांश. तिथला वॉल्टर तावारेस सतराव्या वर्षापर्यंत हा खेळ खेळलाच नव्हता. उंची 2 मीटर 20 सेंटीमीटर. आज तो स्पेनच्या रेआल माद्रिद क्लबच्या बास्केटबॉल संघाचा आधारस्तंभ आहे, आणि 2023 मध्ये त्याचा देश पहिल्यांदा विश्वचषकात खेळला, तेव्हा व्हेनेझुएलाला हरवलेल्या त्या संघात तो होता. तो सामना मी मोबाइलवर तीनदा पाहिलाय.

माझ्याकडे सध्या एक पंधरा वर्षांचा मुलगा आहे. पावसाळ्यात आमच्या उघड्या कोर्टवर शेवाळ धरतं. हा सर्वांच्या आधी येऊन गोणपाटाने रिंगखालची जागा पुसतो, मग चेंडू शर्टाच्या आतल्या बाजूने कोरडा करतो. चेंडूवरचे दाणे इतके झिजलेत की ओला झाला तर हातात राहतच नाही. गेल्या महिन्यात त्याच्या वडिलांनी आजोबांचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीतून मला दाखवायला आणला. पोर्तुगीज अक्षरांत आडनाव इतकं वेगळं लिहिलेलं, की मला दोनदा वाचावं लागलं. मुलगा शेजारीच उभा होता. “सर, सही मी करायची की पप्पांनी?” त्याने विचारलं.

वडिलांना मी म्हटलं, तीन वर्षं थांबा, मग त्याची त्यालाच करू दे. त्यांनी दाखला घडी न मोडता परत पिशवीत घातला. अजून त्यांनी काही कळवलेलं नाही. मुलगा रोज येतोय. डावीकडून आत शिरताना तो अजूनही उजव्याच हाताने चेंडू टाकतो, सध्या आमचं काम त्यावर चाललंय.