आओराकीच्या पायथ्याशी

पुकाकी तलावाच्या कडेने गाडी निघाली की निळसर दुधी पाण्यापलीकडे आओराकी पर्वत, म्हणजेच माउंट कुक, दिसू लागतो. हिमनद्यांनी दळलेली खडकाची भुकटी पाण्यात तरंगत असते, त्यामुळे हा रंग. उंची ३७२४ मीटर, न्यूझीलंडमधलं सर्वोच्च शिखर. हिमालय पाहिलेल्यांना आकडा छोटा वाटेल, पण पायथ्याचं गाव जेमतेम साडेसातशे मीटरवर आहे. तिथून हा डोंगर अंगावर येतो.

न्गाई ताहू या माओरी जमातीसाठी आओराकी पूर्वज आहे. आकाशपित्याच्या या मुलाची होडी अडकली, भावंडं दगड झाली आणि त्यात तोच सर्वांत उंच, अशी कथा. म्हणून चढणाऱ्यांनी अगदी माथ्यावर पाय ठेवू नये, अशी विनंती केली जाते. मला ती फार योग्य वाटली.

हूकर खोऱ्याची वाट सोपी आहे. झुलते पूल ओलांडत चालताना मनात १८९४ होतं, आओराकीचा माथा पहिल्यांदा सर झाला ते वर्ष. त्याआधी, १८८२ मध्ये विल्यम ग्रीन आणि त्यांचे दोन स्विस साथीदार माथ्याच्या अगदी जवळून परतले होते. आता एडवर्ड फिट्झजेराल्ड हा परदेशी गिर्यारोहक झुर्ब्रिगेन या नामांकित वाटाड्याला घेऊन निघाल्याची बातमी आली, आणि स्थानिक तरुण पेटून उठले. आल्प्सचं शिक्षण नाही, साधनं तुटपुंजी. तरी टॉम फाईफ, जॅक क्लार्क आणि जॉर्ज ग्रॅहम याच खोऱ्यातून उत्तर धारेने चढले आणि २५ डिसेंबरला, ऐन नाताळात, वर पोचले. त्यांची ती वाट पुन्हा कोणी चढलं ते थेट १९५५ मध्ये! यावरून त्या पोरांची ताकद कळते. झुर्ब्रिगेनही पुढच्या मार्चमध्ये दुसऱ्या वाटेने वर गेला.

माझं मन मात्र फ्रेडा ड्यू फॉरपाशी जास्त रेंगाळलं. सिडनीची ही मुलगी वाटाड्या पीटर ग्रॅहमबरोबर चढायला निघाली तेव्हा, लग्न न झालेली बाई परपुरुषासोबत डोंगरात तंबू ठोकणार म्हणून गहजब झाला. केवळ लोकांची तोंडं बंद करायला एक हमाल सोबत न्यावा लागला. ३ डिसेंबर १९१० रोजी, पीटर आणि ॲलेक्स या ग्रॅहम बंधूंसह, ती आओराकी चढणारी पहिली स्त्री ठरली. तेही सहा तासांत, तेव्हाच्या विक्रमी वेळेत, गुडघ्याखालपर्यंतचा स्कर्ट घालून. १९१३ मध्ये तिने पीटर आणि डार्बी थॉमसनबरोबर डोंगराची तिन्ही शिखरं एका दमात पार केली.

तिने पाहिलेला माथा आज नाही. १४ डिसेंबर १९९१ च्या रात्री शिखराचा खडक आणि बर्फ टास्मन हिमनदीवर कोसळला. उरलेली बर्फाची टोपीही नंतर झिजत गेली. जुनी उंची होती ३७६४ मीटर.

जाणार असाल तर सकाळी लवकर निघा. पश्चिमेकडून ढग आले की तासाभरात सगळा डोंगर झाकला जातो.